पलतडीचे नृत्य आणि पियानोचा डावा हात

नृत्यासाठी जन्मलेले संगीत केवळ ऐकण्यासाठी म्हणून पुन्हा लिहिले जाऊ लागले, की पहिल्याप्रथम त्यातून पाय नाहीसे होतात. सूर राहतात, चाल राहते, क्वचित शब्दही राहतात. परंतु जमिनीवर पडणारे पाऊल, अंगणातील धूळ आणि भोवतालच्या मंडळींच्या टाळ्या कागदावर उतरत नाहीत. दिवाणखान्यातील पियानोवर बसणाऱ्या रचनाकारापुढे मग एकच खरा प्रश्न उरतो. गेलेले पाऊल दहा बोटांतून परत कसे आणावे? या प्रश्नाशी एका दूरच्या देशाने, मेक्सिकोने, पाऊणशे वर्षे झुंज घेतली. आपल्या गोमंतकातही हाच प्रश्न देखणी नावाच्या गीतनृत्यप्रकाराने उभा केला आहे; त्याचे उत्तर मात्र आपण अद्याप पुरतेपणी दिलेले नाही. त्या दोहोंचा एकत्र विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मेक्सिकोचे नाव मुरगावच्या वाचकाला प्रथमदर्शनी परके वाटेल. तथापि दोन्ही भूमींच्या प्रारब्धात विलक्षण साम्य आहे. तेथे १५२१ पासून तीन शतके स्पॅनिश सत्ता होती. येथे १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज. दोन्हीकडे विजेत्यांनी आपल्याबरोबर धर्म आणला, वाद्ये आणली, आणि जितांच्या नाचगाण्यांकडे संशयाने पाहिले. मेक्सिकोत १८०२ साली तेथल्या व्हाइसरॉयने हाराबे या लोकनृत्याच्या एका प्रकाराला बंदी केली. गोव्यात १७३६ च्या धर्मन्यायसभेच्या जाहीरनाम्याने विवाहप्रसंगी देशी वाद्ये वाजविण्यास मनाई केली, आणि घरगुती रीतिरिवाजांपर्यंत आपला हात पोहोचविला. ज्या नृत्याला एके काळी मनाई झाली, तेच पुढल्या काळात प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात पियानोवर वाजू लागले, हा इतिहासाचा विनोद दोन्ही देशांत घडला. अशा वेळी त्या नृत्याचे काय होते, हे पाहण्याजोगे असते.

मेक्सिकोतील या परंपरेच्या आरंभी तोमास लेओन याचे नाव येते. १८७२ साली त्याने 'हाराबे नासिओनाल' ही पियानोसाठीची रचना प्रसिद्ध केली. हाराबे म्हणजे अनेक लहान लहान चालींची माळ. स्त्रीपुरुषांनी समोरासमोर उभे राहून टाचांचा ताल धरीत नाचावयाची. लेओनने ती माळ फारशी न विस्कटता पियानोवर ठेवली. त्यात पांडित्य थोडे आणि प्रामाणिकपणा पुष्कळ आहे. पुढे हुलिओ इतुआर्ते याने 'मेक्सिकोचे प्रतिध्वनी' या अर्थाच्या नावाची मैफलीची रचना केली. तीत देशी चाली आहेतच; परंतु त्यांच्या अंगावर युरोपीय कसबाचे दागिने इतके चढविले आहेत की मुलगी दिसेनाशी होऊन नुसते दागिनेच चालत आहेत असे वाटावे. बोटांची चपळाई पाहून श्रोते थक्क होतात. टाचांचा ठोका मात्र त्या गर्दीत हरवतो.

मानुएल पोन्से (१८८२–१९४८) या थोर रचनाकाराच्या एकाच आयुष्यात या दोषाचे निवारण कसे होत गेले, ते पाहावयास मिळते. १९१३ साली त्याने मेक्सिकन गीतावर जाहीर व्याख्यान देऊन आपल्या लोकांच्या गाण्यांची बाजू मांडली. उच्चभ्रूंचे कान तेव्हा युरोपकडे लागलेले होते, हे ध्यानात घेता त्यातले धैर्य लक्षात येते. त्याची १९१५ ची 'बालादा मेक्सिकाना' ही रचना दोन लोकगीतांवर उभी आहे. ती मधुर आहे, सुबक आहे. तथापि तिच्या चालण्यात शोपँ आणि लिस्ट यांची ढब स्पष्ट ओळखू येते. गाणे मेक्सिकोचे, पण उसासे पॅरिसचे, असा काहीसा प्रकार. त्यानंतर जवळजवळ पाव शतकाने, १९४१ साली, पोन्सेने 'चार मेक्सिकन नृत्ये' लिहिली. या लहानशा रचना आहेत. त्यांत दागिने नाहीत, उसासे नाहीत. हाडाला हाड लागावे तसा सूर तालाला लागलेला आहे. साठीच्या उंबरठ्यावरील माणसाने अंगावरचे सारे उतरवून ठेवावे आणि मग नाचावयास उभे राहावे, तशी ही नृत्ये मला वाटतात. त्याची प्रसिद्धी ज्या गोड गीतांवर अवलंबून आहे, त्यांहून ही चार नृत्ये मी श्रेष्ठ मानतो.

ती श्रेष्ठ का, याचे उत्तर तालात आहे; आणि ते आपल्या वाचकाला समजण्यास मुळीच कठीण नाही. दादऱ्याच्या सहा मात्रा आपण तीन-तीन अशा मोजतो. त्याच सहा मात्रा दोन-दोन-दोन अशाही मोजता येतात. मेक्सिकोच्या कित्येक लोकनृत्यांचा सारा जीव या दोन मोजण्यांच्या झटापटीत आहे. आता तीन-तीन, लगेच दोन-दोन-दोन. कधी गाणारा एक मोजतो आणि पाय दुसरे. उआपांगो नावाच्या नृत्यात तर नाचणारे लाकडी फळीवर उभे राहतात आणि त्यांच्या टाचा हेच वाद्य होते. ज्या रचनाकाराने ही झटापट पियानोच्या दोन हातांत वाटून दिली, त्याला पाऊल परत आणता आले. ज्याने केवळ उजव्या हातात चाल घेतली आणि डाव्या हातात ठरीव स्वरमेळांचा 'धम्-चक-चक' बसविला, त्याच्या हाती चालीचे छायाचित्र लागले.

परक्याने हे काम करावे की नाही, हाही प्रश्न मेक्सिकोच्या संदर्भात उद्भवला. अमेरिकन रचनाकार आरोन कोपलंड याने मेक्सिको शहरातील एका नृत्यगृहाच्या नावावरून 'एल सालोन मेहिको' ही वाद्यवृंदरचना केली. १९३७ साली कार्लोस चावेझ याने ती मेक्सिकोतच प्रथम सादर केली. पुढे लेनर्ड बर्नस्टाईन याने तिचे पियानोसाठी रूपांतर केले. कोपलंडने त्या देशाचे प्राचीन अंतरंग जाणण्याचा आव आणला नाही. प्रवाशाला दिसेल तेवढेच आपण टिपले, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. रचनेत ताल सारखा पालटतो, पाऊल अडखळते, सावरते, पुन्हा झेप घेते. परक्या पाहुण्याने दारात उभे राहून पाहिलेले ते नृत्य आहे. पण त्याने पाय पाहिले आहेत. पाहणारा बाहेरचा असणे हा कलेत दोष नव्हे. आपण बाहेरचे आहोत हे विसरणे, हा दोष होय.

ही कसोटी हाती घेऊन आता आपल्या घराकडे वळू. गोव्यातील चर्चच्या शाळांतून सोळाव्या शतकापासून मुलांना पाश्चात्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जात असे. त्या शिक्षणातून एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या ख्रिस्ती जमीनदार घराण्यांत मांडो जन्मास आला. तोर्कातो दि फिगेरेदो, आर्नाल्दो दि मिनेझिश यांसारख्या रचनाकारांनी त्याला रूप दिले. मांडो हे गाणेही आहे आणि नृत्यही. शब्द कोंकणी, मेळ युरोपीय, आणि ताल धरावयास आपले घुमट. संथ सहा ठोक्यांचा तो ताल दोन अधिक चार असा पावले टाकीत जातो. मेक्सिकन नर्तकाचे सहा तीन-तीनचे आणि दोन-दोन-दोनचे. मांडोचे सहा दोन आणि चारांचे. संख्या तीच, पाऊल निराळे. लोकांची ओळख संख्येत नसून ती कशी वाटून घ्यावी यात असते, हे याहून स्वच्छ दुसऱ्या कोणत्या उदाहरणाने सांगावे?

मांडोहून आपल्या वाचकाला अधिक जवळची म्हणजे देखणी. ख्रिस्ती घरांतील मुलींनी देवळातील कलावंतिणीचा वेष घेऊन घुमटाच्या ठेक्यावर नाचावयाचे, असे तिचे स्वरूप. तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे 'हांव सायबा पलतडीं वैतां'. कार्लोस एउजेनियो फेरेरा यांच्या नावावर ती प्रसिद्ध आहे. १९२६ साली रांगेल छापखान्याने गोव्यात ती छापली. १९७३ साली 'बॉबी' चित्रपटात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी तिचेच हिंदी रूप योजिले आणि ती चाल भारतभर झाली. कथा सर्वांस ठाऊक आहे. नाचणाऱ्या मुलीला नदीपलीकडे जावयाचे आहे. तेथे दामूच्या लग्नाच्या मांडवात कलावंतिणींचा खेळ आहे. वाट ठाऊक नाही. ती नावाड्याची विनवणी करते, अंगावरचे दागिने देऊ करते.

हे गीत बहुधा खेळकर म्हणून ऐकले जाते, आणि ते खेळकर आहेही. पण मुरगावच्या माणसाच्या कानाला त्यातील 'पलतड' हा शब्द नुसता खेळकर वाटू नये. कुठ्ठाळी म्हणजे जुनी कुशस्थळी. तेथील मंगेश १५६० च्या दशकात झुवारी ओलांडून प्रियोळला गेला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, सांकवाळचा नृसिंह वेलिंगला. या तालुक्याच्या दृष्टीने 'पलतड' म्हणजे ज्या तीरावर देव गेले तो तीर. देव गेले तेव्हा देवासमोरची चौघडा-सनई गेली आणि देवासमोर नाचणारीही गेली. अलीकडच्या काठावर उरलेल्या ख्रिस्ती घरांत तीनशे वर्षांनी त्या नाचणारीची आठवण कशी जागी झाली असेल? नदीच्या पलीकडे दिवे लागले आहेत, वाद्ये वाजत आहेत, आणि आपल्याला वाट ठाऊक नाही. याहून वेगळी ती असूच शकली नसती. फेरेरा यांच्या मनात हा अर्थ होता, असे मला म्हणावयाचे नाही. गीतात तो आहे, एवढेच म्हणावयाचे आहे. नायकाचे नाव दामू असावे, यातही एक गंमत आहे. मडगावचा दामोदर जांबावलीस गेला. आणि वास्कोत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दामोदराचा भजनी सप्ताह त्याच जांबावलीच्या प्रसादाच्या नारळाशी बांधलेला आहे. या गावच्या घराघरांत दामू आहेत ते काही उगाच नव्हेत.

गीताची ही थोरवी मान्य करूनच त्याच्या पियानोवरील संसाराची परीक्षा केली पाहिजे. दिवाणखान्यांतून आणि समारंभांतून ही देखणी पियानोवर ज्या रीतीने सामान्यतः वाजविली जाते, तिच्यात उजवा हात चाल सांगतो आणि डावा हात दोन ठोक्यांचा ठरीव मेळ देतो. तो डावा हात कोणत्याही देशाच्या कोणत्याही पोल्काखाली खपून जाईल. घुमटाचा त्यात मागमूस नसतो. ज्यांनी घुमट जवळून ऐकले आहे त्यांना ठाऊक आहे, की त्या मडक्याच्या एका तोंडावर कातडे असते आणि दुसरे तोंड उघडे. एका हाताने कातड्यावर आघात करावयाचा आणि दुसऱ्या हाताने उघडे तोंड झाकून-उघडून नाद दाबावयाचा, फुगवावयाचा. त्यामुळे एकच ठोका कधी कण्हतो, कधी हसतो. हा श्वास ठरीव मेळात कोठून येणार? इतुआर्तेने दागिन्यांखाली पाऊल लपविले. आपल्याकडे दागिनेही नाहीत, आणि पाऊलही नाही. राहिली ती नुसती चाल. चाल गोड आहे म्हणून आपण समाधान मानीत आलो.

पियानोला मींड नाही, नाद वाकविता येत नाही, म्हणून हे अशक्यच आहे असे कोणी म्हणेल. पियानो हे आघाताचे वाद्य आहे, हेच खरे तर त्याचे घुमटाशी नाते आहे. मंद्र सप्तकातील एकच स्वर बोट दाबून धरून, सोडून, पायपट्टीने लांबवून वा तोडून निरनिराळा बोलविता येतो. पोन्सेने टाचेसाठी जे केले ते मडक्यासाठी करता येईल. त्यासाठी अट एकच. रचनाकाराने घुमट वाजणाऱ्या जागी जाऊन बसले पाहिजे. आणि ती जागा दिवाणखाना नव्हे. चतुर्थीच्या रात्रीचे आपले घर आणि देवळातील सुवारीवादन ही आहे. शामेळ आणि कांसाळ्यांच्या जोडीने घुमट जेव्हा फाग, चंद्रावळ, खाणपद वाजविते, तेव्हा तालाची जी वळणे ऐकू येतात त्यांपुढे मेक्सिकोच्या झटापटीनेही मान लववावी. हे भांडार हिंदूंच्या अंगणात आहे, आणि स्वरलेखन व पियानो यांची विद्या प्रामुख्याने ख्रिस्ती घरांत वाढली. १९५२ साली आंतोनियो दि फिगेरेदो यांनी पणजीत संगीत अकादमी स्थापून त्या विद्येला संस्थेचे रूप दिले. नदी अशी दोन विद्यांच्या मधूनही वाहते आहे. घुमटाला २०१९ साली राज्याचे वारसावाद्य म्हणून मान मिळाला. परंतु मान मिळणे निराळे आणि त्याच्या तालाचे बारकावे लिहिले जाणे, वाजविले जाणे निराळे.

आता एका अवघड गोष्टीकडे वळणे भाग आहे. देखणीतील कलावंतीण बाहेरून पाहिलेली आहे, अशी तक्रार आपल्या समाजात अधूनमधून ऐकू येते. तक्रार खोटी नाही. गीतातील मुलीला नाव नाही, गुरू नाही, साधना नाही. आहेत ते दागिने आणि लाडिकपणा. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आणि मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) ज्या परंपरेतून आल्या, तिचे तपश्चर्येचे अंग या चित्रात कोठेही उमटत नाही. परंतु तक्रार करणाऱ्यांनी पुढचा प्रश्नही स्वतःला विचारावा. आपण तिला आतून पाहिले होते काय? मांडव आपलाच होता. नाच देवासमोर होत होता, आणि नाचणारी सेवेकऱ्यांत मोडत होती; महाजनांच्या नोंदीत तिला जागा नव्हती. राजाराम पैंगीणकर यांनी आपल्या आत्मकथनाला 'मी कोण?' असे नाव दिले. त्या दोन शब्दांत जो प्रश्न आहे तो देवळांच्या दारात उभे राहूनच विचारलेला आहे. दिवाणखान्यातील पियानोने तिचे पाऊल गाळले. आपण तिचे नाव गाळले. दोषांची तुलना करावयाची झाली तर दुसरा लहान ठरणार नाही.

तिची पुन्हा मंदिरात स्थापना करा, असे मी सुचवीत नाही, हे स्पष्ट केलेले बरे. ज्या व्यवस्थेने मुलींना जन्मतःच एका धंद्यास बांधले ती संपली, आणि ती संपविण्यासाठी त्याच समाजातील माणसे झटली; त्यांचे ऋण सर्वांवर आहे. प्रश्न कलेच्या स्मृतीचा आहे. व्यवस्था मोडली म्हणजे तिच्यात अडकलेली कलाही विसरावी, असा नियम नाही. मेक्सिकोच्या रचनाकारांनी हाराबे पियानोवर आणली तेव्हा तिच्यावरील बंदीचा इतिहास पुसला नाही. ज्यांच्या टाचांनी ती जिवंत ठेवली होती त्यांच्या टाचांचा ठोका त्यांनी, निदान त्यांतील उत्तमांनी, रचनेच्या मध्यभागी ठेवला. आपल्या देखणीलाही तोच न्याय मिळावयास हवा.

तो मिळावा कसा? आज गोव्यात पियानो शिकणारी हिंदू मुले आहेत आणि घुमट वाजविणारी ख्रिस्ती मुले आहेत. एका पिढीपूर्वी ही गोष्ट विरळा होती. एखाद्या तरुण रचनाकाराने पोन्सेप्रमाणे चार-पाच लहान नृत्ये लिहावीत. एक देखणीचे, एक दुलपदाचे, एक फुगडीचे, एक धालोचे, आणि शेवटी एक सुवारीचे. चाल कमी घ्यावी, ताल अधिक घ्यावा. डावा हात घुमटवादकाशेजारी बसून लिहावा. देवस्थानांनीही आपल्या उत्सवांतील सुवारी आणि आरत्या जाणत्यांकडून नीट लिहवून घ्याव्यात; मंडप विस्तारण्यास जो खर्च होतो त्याच्या अल्पांशात हे काम होण्याजोगे आहे. मंदिराच्या पावित्र्याला यात बाध येण्याचे काहीच कारण नाही. आरती जशी आहे तशीच देवासमोर राहील. तिच्या तालाचा अभ्यास देवळाबाहेर होईल.

लेओनची 'हाराबे' आणि पोन्सेची 'नृत्ये' यांच्यामध्ये एकोणसत्तर वर्षे गेली. आपली देखणी छापली गेली त्यास आता त्याहूनही अधिक काळ लोटला आहे. चालीचे लोकप्रिय होणे तेव्हाच झाले. तिच्या पावलांचे रचनेत उतरणे व्हावयाचे आहे. झुवारीवर १९८३ साली पूल झाला, आता त्याशेजारी दुसराही झाला, आणि पलतडीस जाण्यासाठी नावाड्याला दागिने देण्याची गरज कोणास उरली नाही. वाट न ठाऊक असण्याची सबब आता दोन्ही तीरांपैकी कोणालाही सांगता यावयाची नाही.